आईकडून आलेलं

दि. ९ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट पार पडल्याचं तुझ्या चिंगीने कळवलं. वॉर्डातल्या लोकांना बसमधले किस्से सांगून हसवतोस म्हणे. स्वतःच्या टाक्यांवर तरी दया कर!

फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लिहिते आहे. दिवसभर त्या काचेच्या बशांशी काय भातुकली खेळतेस, असं तू मला नेहमी चिडवतोस ना? तर ऐक. पेशी दोन होण्याआधी आपल्या डीएनएची नक्कल करते. नक्कल करताना कुठेतरी चुकीचं अक्षर पडतंच. मग काही प्रथिनं त्या नव्या धाग्यावरून चाचपत जातात, जोडी जुळत नाही तिथे थांबतात, चुकलेला तुकडा कापून काढायला लावतात आणि जुन्या धाग्याकडे बघून तो पुन्हा भरला जातो. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही हेच बघत असतो.

दादा, तुझ्या आतड्यातून काढलेल्या गाठीत त्यातलं एक प्रथिन सापडलं नाही. दुरुस्तीच थांबली की चुका साचत जातात. हा दोष बहुधा आईकडून आलाय. पोटाची हेळसांड केली म्हणून ती गेली, असं सगळे म्हणायचे. तसं नव्हतं रे. हा दोष प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी असते. मी रक्त तपासायला दिलंय. चिंगीनेही द्यायला हवं.

तब्येतीला जप. माझ्यावरचा लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी,
बेबी

दि. २० जानेवारी

चि. बेबीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. निम्मं कळलं, निम्मं तुझ्यावर विश्वास ठेवून मान्य केलं. आईचा दोष नव्हता हे वाचून मात्र बरं वाटलं. बिचारी शेवटपर्यंत स्वतःलाच बोल लावत राहिली.

चिंगीला एवढ्यात काही सांगू नकोस. पोरीला आत्ता कुठे शाळेत नोकरीवर कायम केलंय. माझ्याकडून तिला हे नाक मिळालं, तेवढं पुरे आहे. जन्मभर बस चालवली, एका प्रवाशाला खरचटू दिलं नाही मी. आणि पोटच्या पोरीला हे दिलं असेल तर कुठल्या तोंडाने सांगू?

तुझ्या रक्ताचं काय झालं ते आधी कळव. मला त्याचाच घोर लागलाय.
आठवण ठेव.
तुझा,
दादा

दि. २ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माझ्यात तो दोष नाही. निकाल वाचला आणि हात धुवायच्या बेसिनपाशी उभी राहून रडले. आनंद होईना, तुझ्यासमोर यायचीच लाज वाटायला लागली.

दादा, तू चिंगीला काही निवडून दिलेलं नाहीस. पण सांगणं तुझ्या हातात आहे. दोष असला तरी आतड्याची वरचेवर तपासणी करून बारीक गाठी वेळीच काढता येतात. आईला ही सोय नव्हती. पोरीला आहे. एवढं माझं ऐक.

रागावलास तरी दूर लोटू नकोस.
तुझी,
बेबी

दि. २६ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू बाबांचं दिवसकार्य आटोपून गेलीस आणि घर खायला उठलं. तुझ्यासमोर बोलता आलं नाही, ते लिहिते.

बाबांनी मला सगळं स्वतः सांगितलं. चूक केलेल्या मुलासारखे खाली मान घालून बसले होते. मी त्याच आठवड्यात रक्त दिलं. पुढे रोग पसरला, म्हणून ते नवं औषध सुरू झालं. शेजारच्या खाटेवरचे काका त्यावर उठून चालायला लागले, पण बाबांना ते लागू पडलं नाही. शेवटी त्यांना चमच्याने पाणी पाजावं लागायचं, तरी रोज सकाळी निकालाचं विचारायचे. आला त्या दिवशी मी सांगितलं, की मी सुटले. त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं. मग दाढी करून मागितली आणि शांत झोपले.

आत्या, निकाल तसा नव्हता. मी त्यांना फसवलं का गं?

मला अंतर देऊ नकोस.
तुझी,
चिंगी

दि. १ जून

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी दादाने मला फोन केला होता. पोरगी सुटली गं बेबे, एवढंच म्हणाला. मी सगळ्या प्रयोगशाळेला सांगत सुटले. त्याला तेवढी एक झोप तू दिलीस, त्याचा हिशेब मागणारी मी कोण?

आता तुझं. मी रजा टाकली आहे. तपासणीच्या आधी पोट साफ करायला देतात ते औषध भयंकर असतं, ते एकटीने प्यायचं नाही. गुरुवारी पोचते.

तुझीच,
आत्या

दि. २३ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. काढलेल्या दोन्ही गाठींचा रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. आता दर वर्षी जायचं.

एक तुला सांगायचं राहिलं. तपासणीनंतर तू खाली औषधं आणायला गेली होतीस, तेव्हा मी अर्धवट गुंगीत होते. सगळं नीट झालं हे आधी बाबांना सांगू, म्हणून त्यांना फोन लावला. रिंग ऐकू आली. त्यांचा फोन माझ्याच पिशवीत वाजत होता. नर्स म्हणाली, बंद करा. मी तो वाजू दिला.

माझ्यावर अशीच माया असू दे.
तुझी,
चिंगी