मुद्दाम चुकवलेली परीक्षा

२९ ऑगस्ट

पोरगा आला. जोरी लावाली. सतरा वर्षांचा, दारातून वाकून यावं लागतं एवढा उंच. उत्तरेकडून आठ तास गाडीने. आई सोडायला आली होती, सिमोन. बारीकशी बाई, मोजकं बोलणारी. माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "खातो खूप. आणि दुखलं तर सांगत नाही." मी म्हटलं, माझा नवराही तसलाच, सवय आहे मला. ती हसली नाही.

मला घरात पोरगा नकोच होता! आमच्या गावची आइस हॉकीची टीम दरवर्षी बाहेरगावची पोरं डनमियरच्या घराघरांत ठेवते आणि दरवर्षी मी नाही म्हणते. यंदा नवऱ्याने, ओरेस्टने, मला न विचारता सही ठोकली. टीमची बस चालवतो म्हणून स्वतःला मालक समजतो. मी दिवसभर रिंकवर मशीन फिरवून यांच्यासाठी बर्फ गुळगुळीत करायचा आणि घरी येऊन यांच्याच मोज्यांचा वास घ्यायचा!

बटाटा भरून उकडलेल्या अकरा पिरोगी खाल्ल्या. बशी स्वतः धुतली. बघू.

५ सप्टेंबर

आज पोरांची डोक्याची परीक्षा झाली. हंगामाआधी सगळ्यांची घेतात, कॉम्प्युटरवर. शब्द लक्षात ठेवा, आकृत्या ओळखा, पटकन बटण दाबा. पुढे कुणाच्या डोक्याला लागलं की तीच परीक्षा पुन्हा. मार्क आधीएवढे आले तर खेळायचं, नाहीतर बसायचं.

जोरी आणि कॅप्टन रिग्बी माझ्या टेबलाशी फिदीफिदी हसत होते. काय झालं म्हटलं. रिग्बी म्हणतो, "मी आकृत्या बघितल्याच नाहीत, मिसेस एच! छताकडे बघत बटणं दाबली." मुद्दाम चुकवतात! आत्ताच कमी मार्क घेऊन ठेवले की नंतर डोकं फुटलं तरी तेवढे पडतातच. सगळे करतात. मोठी पोरं लहानांना शिकवतात.

मलाही हसू आलं. म्हटलं, मी अगदी मन लावून दिली असती तरी तुमच्याएवढेच मार्क पडले असते. मला आठवीतून काढून बटाट्याच्या शेतावर घातलं तेव्हा मास्तर रडले नव्हते. पोरं टेबल बडवून हसली.

२० सप्टेंबर

पहिला सामना. जिंकलो, ३–२. आमच्या टीमचं नाव हेअर्स, म्हणजे ससे. समोरचे लोक गाजरं घेऊन येतात आणि बर्फावर फेकतात. गाजरं मला उचलावी लागतात! दोन मी मशीनखालीच घातली. नारिंगी पट्टा उठला.

जोरी मागच्या फळीत खेळतो. समोरून चकती सुटली की सगळे अंग चोरतात, हा आडवा पडतो. असलं धाडस काय कामाचं? गाव मात्र खूश.

११ ऑक्टोबर

आमच्या रिंकवर सामना असला की घरात कुणी मेल्यासारखं वागायचं. एक वाजता कोंबडी आणि भात. दोन ते चार झोप. बोलायचं नाही. ओरेस्ट चोरपावलांनी चालतो, स्वतःच्या घरात! मी आज चुकून पातेलं पाडलं तर माझ्याकडे असं बघितलं त्याने, जसं काही मीच गोल खाल्ला.

हरलो, १–५. म्हणजे पातेलंच कारण.

२ नोव्हेंबर

जोरीला ताप. सूप दिलं. म्हणतो, "व्हर्ना, तू ओरडतेस तेव्हा बरं वाटतं. घरी कोणी ओरडत नाही." मूर्ख आहे.

१० जानेवारी

अदलाबदलीचा शेवटचा दिवस. दुपारी चारपर्यंत टीमचे मालक पोरं एकमेकांना देतात-घेतात. फोन वाजला की बॅग भरायची. जोरी टेबलाशी बसून फोनकडे बघत होता. तीन वीसला घरचा फोन वाजला. माझी बहीण, बीटच्या सूपमध्ये व्हिनेगर किती घालू म्हणून! मी तिला असं काही बोलले की ती महिनाभर फोन करणार नाही.

आमचा गोलकीपर गेला. तासाभरात खोली रिकामी. त्याच्या घरची बाई दारात त्याची उशी धरून उभी होती.

जोरी राहिला. चार वाजून एक मिनिटाला म्हणतो, "खायला काय आहे?" मी बटाटे आणायला तळघरात गेले आणि पोत्यावर जरा बसले. उगाच.

८ फेब्रुवारी

मी मशीनच्या फाटकाशी उभी असते, तिथून कोपरा दिसतो, बाकी कुणाला दिसत नाही. जोरी चकती घ्यायला वळला आणि समोरच्या टीमचा बावीस नंबरचा पोरगा मागून आला. आधी कठड्यावर डोकं, मग बर्फावर डोकं. दोनदा! मी आवाज ऐकला. असा आवाज मी अंगणातल्या गोठलेल्या बादलीचा ऐकलाय.

उठला. चुकीच्या बाकाकडे निघाला. रिग्बीने खांद्याला धरून वळवला, लोक हसले. त्यांना वाटलं गंमत.

९ फेब्रुवारी

परीक्षा पुन्हा दिली. पास! सप्टेंबरपेक्षा दोन मार्क जास्त.

१३ फेब्रुवारी

दूध कपाटात सापडलं. कॉर्नफ्लेक्स फ्रिजमध्ये. खोलीचे पडदे दिवसा बंद. आज सामना कुठे म्हणून तीनदा विचारलं. तीनदा!

१४ फेब्रुवारी

विचारलंच. आधी नाही म्हणाला, मग जिन्यात बसला. म्हणाला, "दिवे टोचतात. बसमध्ये ओकारी येते. व्हर्ना, कुणाला सांगू नकोस. अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या टीमचा माणूस मार्चमध्ये माझा खेळ बघायला येतोय, आवडलो तर घेतील. तो बघून गेला की मी स्वतः सांगतो."

"आईला?"

"तिला तर नाहीच! शब्द दे."

दिला. का दिला? पोरगं असं बघत होतं म्हणून. परवा त्याला अठरा पूर्ण होतात. केक कोणता करू?

२६ फेब्रुवारी

खेळतोय. चकतीसमोर आडवाही पडतोय. मी मशीनवर बसून दात आवळते. दाढ दुखायला लागली.

९ मार्च

बाद फेरी सुरू. पोर्टर हिलशी गाठ, चार सामने आधी जिंकेल तो पुढे. गावात दुकानांच्या काचांवर ससे रंगवलेत. ओरेस्टला सांगितलं शेवटी. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दोन आठवडे, व्हर्ना. पोराचं अख्खं आयुष्य टांगलंय."

मी म्हटलं, तेच म्हणते मी!

१७ मार्च

आपण दोन, ते तीन. आता एक हरलो की घरी.

आज सकाळी जोरीने माझ्याकडे बघून आईच्या नावाने हाक मारली, "सिमोन". चूक त्याच्या लक्षातही आली नाही.

१८ मार्च

शब्द मोडला.

निकोलेटकडे गेले. टीमच्या पोरांच्या दुखापती बघते ती मुलगी. सगळं सांगितलं. म्हणाली, "मिसेस एच, त्याचे आकडे ठीक आहेत. तो स्वतः काही होत नाही म्हणतो."

मी म्हटलं, आकडे खोटे आहेत. सप्टेंबरात सगळ्यांनी परीक्षा मुद्दाम चुकवली. माझ्या टेबलाशी बसून हसत होते. मीही हसले.

ती पांढरी पडली. "हे मला सांगायला नको होतं तुम्ही."

"सांगितलं."

मग कोच ब्रॅमकडे गेले. त्याने दार लावून घेतलं. "म्हणजे मी काय करू? वीसच्या वीस पोरं बसवू? परवा सामना आहे! कुणाला काय झालंय? पोरगा अठराचा आहे, पास झालाय, त्याला खेळायचंय. तू बर्फ बघ, व्हर्ना."

१९ मार्च

सिमोनला फोन केला. सगळं ऐकलं तिने. मग म्हणाली, "मी निघते. मी येईपर्यंत त्याला बर्फावर जाऊ देऊ नकोस."

जोरी घरी जेवला नाही. त्याला कळलंय. रिग्बीकडे झोपायला गेला.

२० मार्च

सकाळपासून वारा, बर्फ. दुपारी सिमोनचा फोन. हायवे बंद, पेट्रोल पंपावर अडकलीये. कोचला सहा वेळा लावला, तो सामन्याच्या दिवशी फोन घेत नाही. निकोलेट म्हणाली, ती सांगून बघेल. सांगून बघेल!

२१ मार्च

काल सामन्यानंतर लिहिलं नाही. आज लिहिते.

रिंक गच्च भरलं होतं. कॉलेजचा माणूस वरच्या रांगेत, करडी टोपी. पोरं सरावाला बाहेर आली, त्यात जोरी. मी फाटकाशी उभी. माझ्यासमोरून गेला, बघितलं नाही. दिव्यांखाली आला की एक डोळा बारीक करत होता.

सराव संपला, पोरं आत गेली. सामन्याआधी मी एकदा बर्फ करते, गरम पाणी सोडत, कडेकडेने, मग मधून. तीस वर्षं करतेय, झोपेतही करीन. कडेचे फेरे घेतले. निळ्या रेषेवर आले. आणि मशीन बंद केलं. किल्ली काढून ब्लाऊजमध्ये टाकली.

काही ठरवलं नव्हतं. हात आपोआप गेला.

आधी लोकांना वाटलं बिघडलं. कुणीतरी ओरडलं, "व्हर्ना, एखादा ससा जुंप!" हसले. मग वेळ जायला लागला. घरच्या टीमने वेळेत बर्फ दिला नाही की सामना गेला, नियम आहे. पंच घड्याळ बघायला लागला.

ब्रॅम बूट घालून ओल्या बर्फावर आला, दोनदा घसरला. "उतर."

"त्याला उतरव, मी उतरते."

"कोणाला?"

"तुला माहितीये कोणाला."

"अगं बाई, अकराशे लोक बसलेत!"

"बसू देत. त्यांचं डोकं ठीक आहे."

तेवढ्यात लोकांना कळलं, मी मुद्दाम केलंय. मग काय बोलले ते लिहीत नाही. माझ्याच गल्लीतले लोक. पॉपकॉर्नचा डबा खांद्यावर आला. ओरेस्ट आला. मला वाटलं हाही ओरडणार. मशीनच्या चाकाशी उभा राहिला आणि नुसता उभा राहिला. त्याला गुडघ्याचा त्रास आहे, बर्फावर उभं राहवत नाही.

मग जोरी आला. पूर्ण अंगावर चढवलेलं, हेल्मेट हातात. सरळ माझ्याकडे. "तू शब्द दिला होतास! तू माझी कोण लागतेस? कोणी नाही! उतर!"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "कोणी नाही."

अजून काहीतरी ओरडायला त्याने मान वर केली. वर दिवे. थांबला. पुढचा शब्द सापडेना. हाताने मशीनची कड चाचपडली आणि धरली. घट्ट. मला वाटलं मला ओढायला. तसं नव्हतं. तो पडू नये म्हणून धरून होता.

निकोलेट तीन हातांवर होती. तिने बघितलं. जवळ आली, म्हणाली, "जोरी, कड सोड." त्याने सोडली नाही. "सोड, जोरी." तो म्हणाला, "सोडता येत नाही."

तिने त्याचं हेल्मेट घेतलं आणि ब्रॅमच्या हातात दिलं. त्याने घेतलं.

मी किल्ली लावली. बर्फ पुरा केला. नीट केला, एक रेघ सोडली नाही.

हरलो, १–४. हंगाम संपला. करडी टोपी दुसऱ्या भागातच उठून गेली.

२२ मार्च

सिमोन पोचली. थेट जोरीच्या खोलीत गेली. सामान त्यानेच भरून ठेवलं होतं. जाताना माझ्यासमोरून गेला, थांबला नाही. चष्मा काळा.

सिमोन स्वयंपाकघरात आली. मला वाटलं आभार मानेल. म्हणाली, "तू सांगितलंस."

मग म्हणाली, "पाच आठवडे उशिरा सांगितलंस."

पिरोगीचा डबा दिला. घेतला तिने.

२३ मार्च

रिंकच्या लोकांनी मशीनची किल्ली परत मागितली. दिली.

२५ मार्च

दुकानात बायका बोलायच्या थांबल्या. एकीने ऐकवलंच, "एक सामना थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?" ओरेस्टला बसवरून काढलं नाही, पण बसमध्ये त्याच्याशी कोणी बोलत नाही म्हणे. रिग्बीने गाडीतून जाताना काच खाली करून मला जे म्हटलं ते त्याच्या आईला ऐकवावं असं होतं.

सिमोनचा फोन. साधी गोष्ट नाही म्हणाली. सहा महिने, कदाचित वर्ष. पुढे खेळेल का, डॉक्टर सांगत नाही. जोरीला फोन दे म्हटलं. त्याने घेतला नाही.

मी बरोबर केलं का, माहीत नाही. चादरी धुतल्या.

३० मार्च

दुपारी दार वाजलं. रिग्बी. टोपी हातात चुरगाळत होता. शिव्या द्यायला आला असेल म्हणून मी आधीच कंबरेवर हात ठेवले.

म्हणाला, "मिसेस एच, जानेवारीत डोक्याला लागलं तेव्हापासून मला ओळ वाचता येत नाही. मधलेच शब्द गळतात." मग मागे बघितलं. फाटकाशी त्याची गाडी होती, आत अजून चौघं. कुणी उतरत नव्हतं. "त्यांचंही तसंच."

मी म्हटलं, आत या सगळे. बूट बाहेर काढा.