एकाच घरातली दोन गाडगी

माय, काल लॅपटॉप उघडायला माझे हात धजत नव्हते. त्यात तू होतीस. मी बुलडाण्याला कॉलेजात असताना, तुला लिहिता येत नसे म्हणून तू बोलून पाठवायचीस, "जेवली का वं? काऊन फोन नाही उचलत?" तू गेल्यावर इतकी वर्षं मी ते सगळे आवाज सांभाळले. नोकरी लागून लॅपटॉप घेतला तेव्हा तो, माझा फोन आणि बाबांचा फोन, तिन्ही मी मोठ्या हौसेने एकाच खात्याला जोडले. पासवर्ड चुकायचा, रेंज जायची, अर्ध्यावर अडकायचं, तरी सोडलं नाही. क्लाउडवर टाकलं की तीन ठिकाणी राहतं, आता काही हरवायचं नाही, असं मीच बाबांना समजावलं होतं.

परवा बाबांचा फोन आला. "फोन भरला, भरला म्हने सारखा. झाडून घेतला म्या. त्या फायलींले नुसते आकडे होते, नाव नाही गाव नाही. त्यातला कचऱ्याचा डबाबी रिकामा केला." केवढं समाधान होतं त्यांच्या आवाजात! मी माझ्या फोनमध्ये पाहिलं, तिथेही तुझा एकही आवाज उरला नव्हता. एका ठिकाणी पुसलं की सगळीकडे पुसलं जातं, हे तेव्हा कळलं. लॅपटॉप बंद होता म्हणून वाचला होता. नेट मिळालं असतं तर तोही रिकामा झाला असता.

मला उंद्रीचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. तू वालाचं बी राखेत घोळवते आहेस, अर्धं गाडग्यात, अर्धं साखरखेर्ड्याच्या मावशीसाठी पुरचुंडीत. मी म्हणते, आपल्याच घरी दोन गाडगी ठेव ना. तू खेकसतेस, "एका घरातले दोन गाडगे म्हंजे एकच गाडगं, येडे. उंदीर काय इचारून येते?"

काल नांदुऱ्याच्या खोलीवर फोन बंद केला, नेट तोडलं, मगच लॅपटॉप उघडून सगळं पेनड्राइव्हवर घेतलं. आज एसटीने मावशीकडे नेऊन दिलं. तिने ते बोटभर यंत्र उलटंपालटं करून पाहिलं. "याले राखेत ठेवू का वं?"

"बियाच्या डब्यात ठेव मावशी, पण राख नको."

ती हसली. मला हसू आलं नाही. तुझा आवाज त्यात उतरला आहे की नुसती फायलींची नावं उतरली आहेत, हे मी अजून लावून पाहिलेलं नाही, माय. मावशी म्हणाली, लाव ना, मलेबी आयकू दे. मी म्हटलं, पिशवीतल्या लॅपटॉपला चार्जिंग नाही. चार्जिंग होतं.