सात नंबरचा सेट

४ नोव्हेंबर
पापडी गावात नोकरी लागली! ॲन्सेल्म अंकलचं जुन्या डिजिटल वॉकीटॉकींचं दुकान. हॉटेलांनी, बिल्डरांनी काढून टाकलेले सेट इथे पोत्यानं येतात. माझं काम ते ओळखायचं. बॅटरी काढून तिच्याखालचा मॉडेल नंबर वाचायचा आणि किती वॅटचा, पाण्यात टिकतो की नाही, ते चिठ्ठीवर लिहायचं. बॅटरीवर छापलेलं मात्र वाचायचं नाही, पोत्यात बॅटऱ्यांची अदलाबदल झालेली असते. अंकलनी हे तीनदा बजावलं. लांज्याच्या हुशार मुलीला एकदा सांगितलं असतं तरी पुरे होतं!

११ नोव्हेंबर
भालचंद्रकाका आले. छोट्या बोटीतून एकटेच मासेमारीला जातात. दोन सेट घेतले: सात नंबरचा बोटीवर, आठ नंबरचा घरी सुभद्राकाकूंकडे. बोलणाऱ्याचा नंबर पडद्यावर उमटतो याचं त्यांना भारी कौतुक. चाचणीसाठी त्यांचं चॅनेल दुकानातल्या सेटमध्येही भरलं. त्यांनी एकच विचारलं, "पान्यात पडला तर बंद नाय ना व्हनार?" मला भूक लागली होती. बॅटरीवर पाण्याचं चिन्ह होतं. ती काढायचा कंटाळा केला आणि ठोकून दिलं, नाही होणार.

१९ नोव्हेंबर
काकांची बोट उलटली. काकूंनी आठ नंबरवर ऐकलं, की ते बोटीला धरून आहेत. कुठे, ते सांगण्याआधीच आवाज गेला. काका अजून सापडलेले नाहीत.
लॅपटॉपवर मॉडेलची नोंद पाहिली. तो सेट पाण्यात टिकणारा नव्हताच. अंकलना सांगायचं धाडस झालं नाही.

२२ नोव्हेंबर
काकू सेट घेऊन आल्या. रोज सकाळी पडद्यावर सात उमटतं, पण आवाज येत नाही, तेवढा दुरुस्त करून दे म्हणाल्या. सेट ठणठणीत होता. माझ्या हातातच सात उमटलं. बॅटरी उतरली असेल, असं मी पुन्हा खोटं बोलले. खाई त्याला खवखवे.

२५ नोव्हेंबर
दुकानातल्या सेटवर सात. आवाज नाही, नुसते बुडबुडे. मग फळीवरच्या सगळ्या सेटवर सात. त्यांच्यात बॅटऱ्याच नाहीत.

२६ नोव्हेंबर
अंकल चर्चला गेलेत. सात. पुन्हा सात. शेवटी मीच बटण दाबलं. सगळं सांगितलं — बॅटरी न काढताच बोलले, काका, तुमचा जीव मी घेतला, माफ करा —
बटण सोडलं. पडद्यावर आठ.
एका चॅनेलवरचं सगळ्यांना ऐकू जातं. काकूंनाही. त्या शांत होत्या. म्हणाल्या, "ऐकलं मी. ह्यांनी पन ऐकलं. तुझ्याकडंच निघालेत."
बाहेर कडक ऊन. शटरखालून पाणी आत येतंय — खारं — अंकल, काकूंना सांगा, मी मुद्दाम नाही —