सभ्य डिफेन्स

शनिवार, ६ सप्टेंबर. सकाळी.

लीगचं पत्र आलं. गेल्या वर्षी आमच्या फुटबॉल क्लबच्या नावावर कार्डांचे एकेचाळीस गुण चढले. यलोचा एक, रेडचे तीन. यंदा वीस झाले की क्लब लीगबाहेर आणि मैदान डेअरीच्या टीमला. मैदानाबरोबर कडेची शेड जाणार, आणि शेडबरोबर ह्यांचं बाक. बावीस वर्षं हे त्या बाकावर बसून टीम सांभाळत होते. छत्री गुडघ्यांवर आडवी, आवाज एकदाही चढला नाही. हे गेले, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून बाकावर मी बसते. बस असं कोणी म्हटलं नव्हतं, पण अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

डेअरीवाले त्या बाकावर दुधाचे कॅन ठेवतील.

संकल्प: यंदा सभ्य डिफेन्स. धक्का नाही, लाथ नाही, मी ओरडणार नाही. शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, लेडी ओरडत नाही, ती नुसती उभी राहते. मी शाळेच्या हॉकी टीमची फुलबॅक. पांढरे मोजे, दोन वेण्या. पलीकडच्या शाळेच्या कॅप्टनचा घोटा मोडला तेव्हा सिस्टरनी मला तासभर चॅपलमध्ये उभं केलं. अपघात होता. तिचा घोटाच मध्ये आला.

रविवार, ७ सप्टेंबर. संध्याकाळी सहा.

०-४. रेड दोन. गुण सहा.

पहिलीच मॅच आहे. डिफेन्स बसायला वेळ लागतो.

मी एक शब्द बोलले नाही. फक्त त्यांचा विंगर मोकळा आहे, हे ह्यांच्या छत्रीने दाखवलं. पुढच्या मिनिटाला तो मोकळा राहिला नव्हता. न्हाव्याचा गुडघा त्याच्या पोटात होता आणि खाटकाचा पंजा मानेवर. नंतर त्यांचा सेंटर फॉरवर्ड फार पुढे पुढे करतोय असं वाटलं, तसं दाखवलं. खाटकाने त्याला खांद्यावर घेतला, चार पावलं चालला आणि जाहिरातीच्या फळीवर टाकला. फळी मोडली.

ह्यांच्या वहीत स्कोअर लिहिला. ह्यांची वही म्हणजे देवमाणसाची वही. तारीख, स्कोअर, कार्डं, शेरा. मी ज्या मॅचला जायचे तिच्यापुढे हे एक छोटी चांदणी काढायचे. किती जीव लावावा माणसाने. मी तीच रीत चालू ठेवली आहे, दर मॅचला चांदणी. शेऱ्याचं अक्षर फार बारीक, चष्म्यानेही लागत नाही. टॅक्टिक्स असणार.

एक दोष होता ह्यांच्यात. वेळेचे कच्चे. मॅच दोनची असली तर मला चार सांगायचे. शिट्टीच्या वेळी मी हजर असायचेच, पण शेवटच्या.

सोमवार, ८ सप्टेंबर. दुपारी.

खाटकाच्या दुकानात मीटिंग. खाटीक स्टॉपर आणि कॅप्टन: ताकद बैलाची, वळायला जागा ट्रकची. न्हावी दुसरा स्टॉपर: उंची नाही, जीभ आहे. टेलर राइट बॅक: गुडघा गेलेला, सरळ रेषेतच धावतो. सुतार लेफ्ट बॅक: करवतीने एक कान गेला, आणि मी बसते ती बाजू त्याच कानाची. गोलकीपर पोस्टमन. काल त्याने चारही घरपोच केले.

मी तिसरीला शिकवायचे तेव्हा हे चौघे माझ्या वर्गात होते. टेलर अजून माझ्याशी बोलताना उभा राहतो.

ठोकळ्यावर चार हाडं ओळीत मांडून मी समजावलं. लाइन पुढे घ्यायची, ऑफसाइडचा सापळा लावायचा, म्हणजे त्यांचा माणूस आपल्या मागे सापडला की लाइन्समनचा झेंडा वर. कोणाला हात लावायची गरजच नाही. खाटीक म्हणाला, बाई, लाइन पुढे घेतली की मागे अर्धं मैदान उघडं. मागे धावणार कोण, टेलर? म्हटलं, धावायचं नाही, गेम वाचायचा. तो म्हणाला, सुईत दोरा ओवायला ह्याला बायको लागते, हा गेम काय वाचणार. टेलर उभा राहून म्हणाला, बाई, हा नेहमी असंच बोलतो. न्हावी म्हणाला, त्यापेक्षा दहाच्या दहा मागे दाटीने उभे राहू, भिंत करू, गोल नाही झाला तरी चालेल. म्हटलं, ते भेकडांचं काम. खाटकाने सुरा उचलला आणि मधल्या एका हाडाचे दोन तुकडे केले. म्हणाला, हा मी. वळेपर्यंत माझं हे होतं.

बराच वेळ चर्चा झाली. शेवटी सगळ्यांना माझं पटलं. चौघेही एका सुरात बरं बाई म्हणाले.

रविवार, १४ सप्टेंबर. सातला.

१-५. रेड एक, यलो दोन. गुण अकरा.

सापळा उत्तम आहे. माणसं तोकडी आहेत. मी लाइन पुढे म्हटलं की खाटीक आणि न्हावी पुढे येतात, टेलर निघतो पण पोचत नाही, आणि सुताराला ऐकूच येत नाही. तो एकटा मागे उभा राहून त्यांच्या पाचही फॉरवर्डना ऑनसाइड ठेवतो.

एकदा सापळा बरोबर बसला, पण लाइन्समनने झेंडा वर केला नाही. मी त्याच्याकडे छत्री केली, केवळ लक्ष वेधायला. सुतार त्याच्याकडे चालत गेला आणि त्याचा झेंडा मांडीवर ठेवून मोडला. मग एक तुकडा त्यांच्या कॅप्टनच्या बरगडीत गेला.

मुलगी दातांची डॉक्टर आहे, दवाखाना घराच्या खालच्या मजल्यावर. जेवताना म्हणाली, आई, आज दोघे आले. एकाचे दात रुमालात होते, दुसऱ्याचे न्हाव्याच्या कोपरात. मग म्हणाली, खाटीक, न्हावी, टेलर, सुतार. तुझ्या डिफेन्समध्ये एक तरी माणूस असा घे की ज्याचा धंदा कापण्याचा नाही.

तिला फुटबॉल कळत नाही. वडिलांवर गेली असती तर कळला असता.

बुधवार, १७ सप्टेंबर.

तोडगा सापडला. दोष संपर्काचा आहे. सुताराला ऐकू येत नाही, पण दिसतं. म्हणून खुणा. छत्री उभी: लाइन पुढे. छत्री उघडी: मागे या. छत्री आडवी: त्या माणसावर नजर ठेवा. फक्त नजर.

चौघांना शेडमध्ये शिकवलं. दहा मिनिटांत पाठ. शाळेची सवय. वर्गात मी कोणाला कधी बोटही लावलं नाही. दंगा करणाऱ्या पोराकडे नुसती छत्री दाखवायचे, की बाकीची पोरं त्याला हातापायाला धरून टेबलापाशी आणून टाकायची. शिस्त ही अशी प्रेमाने लागते.

रविवार, २१ सप्टेंबर. साडेसहा.

जिंकलो. १-०, बँकेच्या टीमविरुद्ध. रेड फक्त एक. गुण चौदा.

खुणा अफाट चालल्या. मी ज्याच्याकडे छत्री आडवी केली तो दोन मिनिटांत गारद. त्यांच्या दहा नंबरचा गुडघा उलटा वळला. विंगरच्या भुवईला खाच पडली, रक्त डोळ्यात जाऊन तो आपल्याच गोलकडे धावला. कॅशियर म्हणून बसतो तो, भला माणूस. त्यांच्या गोलकीपरला स्ट्रेचरवरून नेताना त्याने माझ्याकडे आणि छत्रीकडे पाहिलं. पावसाची चिन्हं नव्हती, त्यामुळे नवल वाटलं असेल.

मी बसूनच होते. एकदाच थर्मास फेकला, तोही रिकामा.

मुलगी म्हणाली, सोमवारची सगळी वेळ बँकेने घेतली आहे.

रविवार, २८ सप्टेंबर.

२-२, फायर ब्रिगेडविरुद्ध. गुण सतरा.

ते बंबवाले. अंगाने आडदांड, त्यामुळे मला जरा घाईघाईने छत्री फिरवावी लागली. एकदम तिघांकडे केली असं मुलगी म्हणते. मला तसं आठवत नाही. सुतार कोपऱ्याचा झेंडा उपटून आला. खाटकाच्या डोक्यात बूट बसला, त्याने तो बूट पायासकट धरून ठेवला. न्हाव्याने एकाचा कान चावला आणि वर त्याला कल्ल्यांबद्दल टोमणा मारला. टेलर सरळ रेषेत धावत गेला आणि वाटेत जे जे आले ते पडले. रेफरीने एकच रेड दिलं. दुसरं काढायला हात खिशात जाईना, बोट मोडलं होतं.

आता एक रेड आणि सगळं संपलं. पोरांना काय झालंय कळत नाही. ह्यांच्या वेळी अशी नव्हती.

बुधवार, १ ऑक्टोबर. दुपारी चार.

लीगच्या कमिटीपुढे सुनावणी. सेक्रेटरींनी चौघांना विचारलं, हे का करता? टेलर उभा राहिला. म्हणाला, बाईंनी छत्री दाखवली.

सेक्रेटरींनी सगळ्यांना तेच विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. तिसरीतही असंच करायची. अंगावर आलं की दुसऱ्याचं नाव पुढे. मला राग आला नाही. आईसारखं वाटलं.

मुलगी म्हणाली, आई, रविवारी छत्री घरी ठेव. जमलं तर तूही घरी राहा. म्हटलं, बाकावर कोण बसेल? ती म्हणाली, बाक.

पण छत्री घरी ठेवीन. शब्द दिला आहे.

रविवार, ५ ऑक्टोबर. रात्रीच्या जेवणाआधी.

आभाळात एक ढग होता. छत्री घेतली.

डेअरीविरुद्ध मॅच. नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी उलटसुलट सांगायला नको.

आमची टीम दहाच्या दहा मागे उभी राहिली. न्हाव्याची ती भिंत. मला कोणी विचारलं नव्हतं. मी छत्री उभी केली, कोणी पुढे आलं नाही. उघडली, मिटली. चौघांची माझ्याकडे पाठ. सगळा वेळ पाठ. ऊन डोळ्यावर येत असेल.

ऐंशी मिनिटं ०-०. मग डेअरीच्या सेंटर फॉरवर्डने रेफरीची पाठ बघून खाटकाच्या तोंडावर कोपर मारलं. ओठ फाटला, शर्टावर रक्ताची धार. खाटकाने दोन्ही हात मागे बांधले आणि तसाच उभा राहिला. माझं तिसरीतलं पोर, हात मागे बांधून, रक्त गिळत. लाइन्समन माझ्यापासून सहा पावलांवर. त्याने पाहिलं आणि झेंडा खालीच ठेवला.

मी त्याच्याकडे छत्री दाखवली. कोणी आलं नाही. परत दाखवली. कोणी नाही.

मग मलाच जावं लागलं.

पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा कानावर, चष्मा उडाला. तो खाली वाकला तेव्हा तिसरा पाठीत. चौथ्याला छत्री उघडली, त्यामुळे जोर गेला, पण काडी त्याच्या गालात शिरली. मग मूठ तुटली. तुटलेल्या मुठीने किती मारले ते मोजले नाहीत. मी ओरडत नव्हते. असं सगळे म्हणतात की ओरडत होते.

रेफरीने मला रेड दाखवलं. सतरा आणि तीन, वीस.

चौघांनी मला बाहेर आणलं. अगदी जपून, पण हातापायाला धरून.

मंगळवार, ७ ऑक्टोबर.

कमिटीचा निकाल. खाटकाने एक कागद पुढे केला, क्लबच्या नोंदणीचा. कोच: खाटीक. मॅनेजर: रिकामं. माझं नाव कुठेच नाही. सेक्रेटरी म्हणाले, मग ह्या बाई प्रेक्षक ठरतात. प्रेक्षकाचं कार्ड क्लबच्या नावावर चढत नाही. क्लब सतरावरच. प्रेक्षकाला मैदानात दोन वर्षं बंदी.

शेड वाचली. बाक वाचलं.

बाहेर आल्यावर खाटीक माझ्याकडे बघेना. ओठाला टाके, बोलता येईना नीट. म्हणाला, बाई, तुम्हाला सांगायचं कसं, तेच तीन वर्षं कळत नव्हतं.

क्लब वाचवायला काय शक्कल लढवली पोरांनी. कागदावर तीन वर्षांपूर्वीची तारीख होती, शाईसुद्धा उडालेली. हल्ली काहीही करता येतं.

रविवार, १२ ऑक्टोबर. संध्याकाळी.

शेवटची मॅच तीनला होती. मी खिडकीत बसले. इथून मैदान दिसत नाही, शिट्टी ऐकू येते. फार वेळा वाजली नाही.

साडेपाचला खाटीक आला. ०-०. कार्ड एकही नाही. छत्रीला सुताराने नवी मूठ बसवली आहे. शेडमध्ये, बाकाच्या वर, भिंतीला टांगली आहे. उंच. मी विचारलं, माझी उणीव भासली का? तो म्हणाला, बाई, फार शांत वाटलं. चहा घेऊन गेला.

दवाखान्यात कोणी आलं नाही. मुलीने सहालाच दिवा मालवला.

स्कोअर लिहायला ह्यांची वही काढली. सहज मुलीचं दात बघायचं भिंग घेतलं आणि मागची पानं चाळली. जिथे चांदणी, तिथे कार्डं. तीन, पाच, एकदा सात. जिथे चांदणी नाही तिथे शून्य. बावीस वर्षं. मग शेऱ्याचा रकाना. मॅच दोन, तिला चार सांगितलं. मॅच तीन, तिला पाच सांगितलं. तिला कळलं, सहा टाके. तिला चार सांगितलं. तिला चार सांगितलं. एका जागी, ०-०, कार्ड नाही, चांदणी नाही, आणि पुढे: ती नव्हती, मॅच कंटाळवाणी झाली.

पानं उलटून आजच्या तारखेवर आले.

आजची ओळ लिहिली. तारीख. ०-०. शून्य. चांदणी काढली नाही.

खाटकाने मॅचची वेळ मला परवाच सांगितली होती. तीन. बरोबर सांगितली होती. आता सांगायला हरकत नव्हती.