रविवारची आई

७ सप्टेंबर, सोमवार
आजपासून पैजा बंद. संध्याकाळच्या प्रार्थनेत सिस्टर किती वेळा शिंकतात, सम की विषम, एवढ्यावरच तर लावतो आम्ही. याला जुगार म्हणणं अतीच झालं. तरीही बंद. अख्ख्या होस्टेलमध्ये माझ्याइतका मनावर ताबा कुणाचा नाही.

जेवणानंतर
शेजारच्या पलंगावरच्या बगळीला (उंच आहे, मानही तशीच) वाईट वाटू नये म्हणून एकदाच खेळले. पुडिंग गेलं. तसंही मला ते आवडत नाही.

८ सप्टेंबर
आज जेली होती. ती आवडते. तीही गेली.

१० सप्टेंबर, गुरुवार
पद्धत सापडली! सलग तीन दिवस विषम, म्हणजे आज सम येणं भागच आहे. देवाघरी एवढा तरी न्याय असेल. माझा खिडकीजवळचा पलंग लावला.

नंतर
पाच शिंका. पाचवी खरं तर खोकला होता. बगळी म्हणाली, रडीचा डाव नको हं. गादी उचलली. भिंतीकडे झोप शांत लागते म्हणतात.

१४ सप्टेंबर
पलंग परत मिळवायला अंघोळीचं गरम पाणी लावलं. गेलं. थंड पाण्याने बुद्धी तल्लख होते. आता लावण्यासारखं काही उरलंच नाही, म्हणजे सवय सुटली. सिस्टरना सांगणार होते, पण बढाई मारणं वाईट.

१७ सप्टेंबर, गुरुवार
बगळी म्हणाली, अगं, तुझ्याकडे आई आहे की! येत्या रविवारी भेटायला येणारेय ना? मला तर कुणीच येत नाही. मी म्हटलं, वेडी का तू, आई कुणी लावतं का? ती म्हणाली, जिंकलीस तर पलंग, गरम पाणी, पुडिंग, सगळं परत. विचार केला. आई माझीच राहणार, एक रविवार फक्त. शिवाय सिस्टरना सर्दी झालीय, आणि सर्दीतल्या शिंका विषमच असतात. माझा अभ्यास आहे.

१८ सप्टेंबर
सिस्टरनी डॉक्टरांची गोळी घेतली. एकही शिंक नाही. मी म्हटलं, पैज रद्द. बगळीने मला ओढत गणिताच्या बाईंकडे नेलं. बाई खूश! शून्य समच गं पोरींनो, म्हणाल्या. सुट्टीच्या वेळात अशी शंका विचारायला आजवर कुणी आलं नव्हतं म्हणे.

१९ सप्टेंबर
मला काही वाटत नाहीये. आईला आवडतो म्हणून माझा निळा फ्रॉक बगळीला दिला. गुडघ्याच्या बराच वर येतो. तिला बजावलं, आईला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, उजवीकडे बस.

२० सप्टेंबर, रविवार
आई आली. बगळीने मला तिच्या खिडकीतून बघायची परवानगी दिली होती. दोघी बागेतल्या बाकावर. बगळी उजवीकडेच बसली. आईने तिची वेणी सोडून पुन्हा घातली. मी खाली गेले नाही. शब्द म्हणजे शब्द.

संध्याकाळी
बगळीने खाऊचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. तिने आईला सगळं सांगून टाकलं होतं. आई रागावली नाही. म्हणाली, हाक मारायची नाही, पैज लावते, भेट संपल्याची घंटा व्हायच्या आत धावत येईल ती. बगळी म्हणाली, नाही येणार. आईने पुढच्या महिन्याचा रविवार लावला. गेटपर्यंत मागे वळून वळून बघत होती म्हणे.

असल्या सवयी बऱ्या नव्हेत, हे आईला कुणीतरी समजावायला हवं. पुढच्या भेटीत मीच समजावलं असतं. पण तीही बगळीची.