बंडीच्या गळपट्टीतली माता

याश, शुक्रवार

माझ्या हट्टी साफ्तेस,

मी ठणठणीत आहे. अक्षर वाकडं आलं असेल तर दोष पेनाचा. शेळी व्याली का?

माझ्या डोक्यातल्या गाठीत इथल्या डॉक्टरांनी लोखंडाचे धुळीहून बारीक कण सोडलेत. यंत्र सुरू झालं की चुंबकानं तेवढेच तापतात. गाठ भाजते, शेजारचा मेंदू सुखरूप राहतो. ही करामत आमच्या इलिंका डॉक्टरीणबाईंची.

तुझी करामत मात्र त्याहून भारी! जवळपास धातू नको म्हणून मी सोन्याचा दातसुद्धा काढून दिला, आणि तू बंडीच्या गळपट्टीत मरियममातेचा पितळी बिल्ला शिवून ठेवलास? नर्सच्या हाताला लागला म्हणून बरं, नाहीतर गळ्याशी चांगलाच चटका बसला असता.

मी शरमेनं मान खाली घातली. डॉक्टरीणबाई बिल्ला घेत म्हणाल्या, "आजोबा, आजींना रागावू नका हं. माझा देवाबिवावर विश्वास नाही, पण तुमची माता मी सांभाळते."

मग तासभर त्या काचेपलीकडे आकडे बघत उभ्या होत्या. डाव्या हाताची मूठ त्यांनी एकदाही उघडली नाही.

तुझाच,
गाव्रिल