शेवटची दहा मिनिटं

मंगळवार, ५ फेब्रुवारी

पुन्हा तेच! शेवटची दहा मिनिटं गायब!

धाकट्या दिरांनी हा डिस्क रेकॉर्डर भेट म्हणून पाठवला, तेव्हापासून त्याने मालिकेचा एक भाग धड शेवटपर्यंत घेतला असेल तर शपथ. फोनवर म्हणाले होते, "वहिनी, नुसती वेळ लावून द्या, बाकी सगळं तो आपलं आपण करतो." करतो खरा. आपल्या मनाला येईल ते!

सासूबाई डायलिसिसहून आल्या, हातपाय धुऊन टीव्हीसमोर बसल्या. लाकडाच्या वखारवाल्यांची त्यांची ती मालिका. थोरली सून वकिलाच्या दारात उभी, वकील दार उघडतो, तिचा हात वर जातो — आणि पडदा निळा. सासूबाईंनी रिमोट बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "परवा मी जाणार नाही."

मालिका दुपारी तीनला, डायलिसिसची पाळीही तेव्हाच. पाळी बदलून मिळत नाही, मालिका पुन्हा दाखवत नाहीत. "एक दिवस रक्त धुऊन घ्यायचं, दुसरा दिवस त्याचा शीण काढायचा. आवडीची म्हणून एक गोष्ट, तीही अर्धी. कशाला हा खटाटोप?" भाजी काय करायची विचारावं तशा आवाजात बोलल्या. नवरा हसला. मला हसू आलं नाही. एकही खेप चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलंय.

बुधवार, ६ फेब्रुवारी

सासूबाईंचा माझ्याशी अबोला. रेकॉर्डरशी मात्र बोलतात. "मेल्या," म्हणाल्या त्याला.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

गेल्या! पण कशा, ते माझं मला माहीत.

नवरा गाडी काढून उभा, आणि सासूबाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून. मी दुकानात जायला निघालेली. तोंडातून निघून गेलं — "आई, परवाचा शेवट मी बघितलाय. दुकानात टीव्ही आहे ना. गाडीत बसा, सांगते."

आमच्या चष्म्याच्या दुकानात टीव्ही नाही. अक्षरांचा तक्ता आहे. वरून खाली लहान होत जाणारी अक्षरं, त्यात काय कथानक असणार! पण उचलली जीभ, लावली टाळ्याला. सांगितलं, थोरलीने वकिलाच्या थोबाडीत मारली. अशी, की चष्मा उडून पडला.

"काच फुटली?"

"एक फुटली. डावी."

सासूबाई उठून बसल्या. "मग काल दोघं चहा पीत होती ती? चष्मासुद्धा होता डोळ्यांवर."

कालचा भाग त्यांनी घरीच बघितला होता, हे मी विसरलेच! "माफी मागितली ना त्याने. आणि चष्मा दुसरा. वकील माणूस आई, जोडी ठेवतोच."

"हं," म्हणाल्या, आणि चपला शोधायला लागल्या.

शनिवार, ९ फेब्रुवारी

दुरुस्तीवाला आला. आधी म्हणाला डिस्क हलकी आहे. मग म्हणाला तुमच्याकडे विजेचा दाब कमीजास्त होतो. मग अँटेनाची वायर. शेवटी माझ्याकडे वळून, "ताई, मालिकाच लांबत असेल." झाकण काढलं, आत फुंकर मारली, झाकण लावलं. एक स्क्रू उरला. तो माझ्या हातावर ठेवला, प्रसादासारखा.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

दुरुस्तीचा परिणाम — आज मालिकाच नाही. पोट कमी करायच्या पट्ट्याची जाहिरात, तासभर, पहिल्यापासून शेवटपर्यंत! इथे मात्र एक मिनिट चुकलं नाही.

सासूबाईंनी ती सगळी बघितली. "निदान हा माणूस मध्येच थांबत नाही," म्हणाल्या. मग माझ्याकडे मान वळवली. "तुझ्या दुकानातल्या टीव्हीवर काय दाखवलं?"

अख्खा भाग रचावा लागला. कणीक मळता मळता. वखारीला आग लावली. दुसरं काही सुचेना.

बुधवार, १३ फेब्रुवारी

आजच्या भागात वखार जागच्या जागी. एक ढलपीसुद्धा काळी नाही! मी उत्तर तयार ठेवलं होतं — स्वप्न होतं ते, वखारवाल्यांच्या धाकट्याला पडलेलं. सासूबाईंनी विचारलंच नाही. मालिकेत तरी कुठे कशाचा कशाला मेळ असतो!

गुरुवार, २१ फेब्रुवारी

रेकॉर्डर आता "लोडिंग" म्हणतो आणि त्यावरच थांबतो. मी त्याच्या भरवशावर नाहीच. दुकानात काचा घासताना डोक्यात वखारवाले. आज एका गृहस्थांचा वाचायचा नंबर भलत्याच बाईंच्या फ्रेममध्ये बसवला. मालक म्हणाले, "ताई, लक्ष कुठाय?" काय सांगणार? थोरलीला घराबाहेर काढायचं की ठेवायचं, हे ठरत नाहीये म्हणून?

शनिवार, २३ फेब्रुवारी

काढलं. म्हणजे तीच निघाली. सांगितलं, सगळे जेवायला बसलेत, ही बॅग भरून जिना उतरते, कोणी मान वर करून बघत नाही.

सासूबाईंनी विचारलं, "केवढी बॅग?"

"लहानच. दोन साड्या मावतील एवढी."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला. डायलिसिसनंतर लागतो कधीकधी. मग डोळे मिटूनच म्हणाल्या, "मीही भरली होती एकदा. हिच्यापेक्षा मोठी होती. दारापर्यंत गेले, आणि तुझा नवरा तापाने फणफणला. ठेवली खाली."

"मग?"

"मग काय! दुसऱ्या दिवशी उपसली. साड्यांच्या घड्या मोडल्या होत्या सगळ्या."

इतकी वर्षं एका घरात राहतो आम्ही. मीठ कमी, दूध नासलं, दार लावलंस का — ह्यापलीकडे आमचं बोलणं गेलं नव्हतं. मी पायांवर पांघरूण घातलं. तशी म्हणाल्या, "तिला परत आणू नकोस हं लगेच. जाऊ दे जरा. बघू दे बाहेर."

आणू नकोस?

नवऱ्याला विचारलं, आई कधी घर सोडून निघाल्या होत्या का. "आई? छे! कुठे जाणार ती?"

मंगळवार, २६ फेब्रुवारी

थोरलीला नोकरी लावली. चष्म्याच्या दुकानात. आडात असेल तेच पोहऱ्यात येणार!

मंगळवार, ४ मार्च

नवऱ्याला एकदम पाझर फुटला. नवीन रेकॉर्डर आणतो म्हणाला, दोन वर्षांच्या हमीचा. मला आनंद व्हायला हवा होता. चांगली चाललेली नोकरी जावी तसं झालं.

पण सासूबाईच कडाडल्या. "काही नको! घरात आलेली वस्तू अशी टाकतात का? धाकट्याला काय वाटेल?"

नवरा म्हणाला, "अगं, तूच रोज शिव्या देतेस त्याला!"

"शिव्या तुलाही देते. टाकलं का तुला?"

शनिवार, ८ मार्च

सासूबाईंना थंडी वाजून ताप. पाळी अर्ध्यातच थांबवली. मी मालिकेचं काही बोलले नाही, त्यांनीही विचारलं नाही. रेकॉर्डरच्या दर्शनी भागावर आकडे लुकलुकत होते, मी वायरच काढली.

सोमवार, १० मार्च

ताप उतरला. सकाळी चहा प्यायल्या, निम्मा. कप परत देताना म्हणाल्या, "उद्या जाईन मी." मी विचारलंही नव्हतं. वायर परत लावली, वेळ लावून ठेवली.

मंगळवार, ११ मार्च

नवरा कामासाठी बाहेरगावी, म्हणून त्यांना आणायला आज पहिल्यांदाच मी गेले. नातेवाइकांना आत सोडत नाहीत. बाकावर बसले होते. नर्स बाहेर आली. "तुम्हीच का आजींच्या सूनबाई? अहो, पुढे काय झालं त्या थोरलीचं? आजी शनिवारी आजारी पडल्या, आमचं सगळ्यांचं अडलंय."

मी म्हटलं, मालिकेतल्या?

"नाही हो! मालिका आम्ही इथेच बघतो. गेल्या महिन्यात टीव्ही बसवलाय ना वॉर्डात. आजी पूर्ण बघतात आणि संपली की म्हणतात, हे झालं ह्यांचं. आता खरं काय घडलं, ते घरी गेल्यावर कळेल, पुढच्या खेपेला सांगते."

घरी पोचल्यावर सासूबाईंनी विचारलं, "घेतला का गं आज त्याने शेवट?"

घेतला होता. अख्खा, स्वच्छ.

"कुठला हो, आई!" म्हटलं.